विचारून सांगते

भवानी पेठ, सोलापूर
४ मे २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं कानाचं यंत्र पुन्हा बिघडल्याचं मामींकडून कळलं. मामी म्हणाल्या, की बिघडलंबिघडलं काही नाही, त्यांचं बोलणं ऐकायला नको म्हणून तुम्हीच ते काढून ठेवलंय. खरं-खोटं तुम्हा दोघांना ठाऊक. तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे सगळी भवानी पेठ गोळा होईल एवढं ओरडावं लागतं, म्हणून आपलं पत्रच बरं. शिवाय आजचं बोलणं गल्लीला ऐकवण्यासारखं नाही.

मामा, मला नोकरी करायची आहे.

आमचं शाळेच्या युनिफॉर्मचं शिवणकाम जानेवारीत बंद झालं, हे तुम्हाला माहीतच आहे. अभिमन्यू भावजींनी पुण्यात कापडाची एजन्सी घेतली, मशिनी विकल्या आणि ते तिकडे गेले. तेव्हापासून खालची खोली रिकामी आहे. मी रोज उगाच जाऊन ती झाडून येते. सासूबाई म्हणतात, की आता आराम कर. आराम दोन दिवस गोड लागतो. तिसऱ्या दिवशी बाई शेजारणीच्या सुनेत खोड्या शोधायला लागते, आणि माझं तसं होत चाललंय हे माझं मलाच कळतं. आरोही बारावीला गेली, तिला आई फक्त डब्यापुरती लागते. आरोहीचे बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमधून येतात, जेवतात आणि सांगतात, की तुला हवं ते कर. त्यांचा विरोध नाही, पण तेवढ्यानं माझं काम होत नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत युनिफॉर्मची एक मोठी कंपनी आहे. त्यांना ऑर्डर विभागासाठी सुपरवायझर पाहिजे. वयाची अट बेचाळीस. मला येत्या श्रावणात बेचाळीस पुरी होतात, म्हणजे ही गाडी चुकली की पुढची नाही. अर्ज मेअखेरपर्यंत द्यायचा आहे. तुम्ही डाळिंबाच्या पॅकहाउससाठी माणसं निवडता, म्हणून माझा बायोडेटा तुमच्याकडे तपासायला पाठवते आहे. मला आयुष्यात एकच बायोडेटा माहीत, तो माझ्या लग्नाच्या वेळी तुम्हीच लिहिलेला. तोच समोर ठेवून हा केलाय. चुका असतील तर कान धरा, पण लवकर धरा.

ती. सौ. मामींस सा. न. कळावे. ओरडलात तरी चालेल, लोभ मात्र आटू देऊ नका.

आपली,
वैजयंती


सांगोला
९ मे २०२५

चि. सौ. वैजयंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. यंत्र खरंच बिघडलंय. मामी म्हणते ते ऐकू नकोस, मीही ऐकत नाही.

तुझा बायोडेटा मामीला वाचून दाखवला. ती म्हणाली, की मुलगी चांगली दिसते, बघायला कधी जायचं? अगं, वर गणपती, खाली जन्मवेळ, उंची, रंग निमगोरा आणि मामाचं कूळ! माझं नाव वाचून मला बरं वाटलं, पण त्या कंपनीला माझ्या कुळाशी काय करायचंय? पुढे छंद रांगोळी आणि स्वभाव मनमिळाऊ. मनमिळाऊ नसलेला एकही माणूस मी आजवर अर्जात पाहिला नाही, आणि तरी आमच्या पॅकहाउसात रोज एक भांडण ठरलेलं असतं.

आता मी अर्ज कसे वाचतो ते सांगतो. हंगामाच्या तोंडाला हा एवढा ढीग येतो. तो क्रेटवर ठेवून मी उभ्यानंच वाचतो, एका हातात चहा. कागद एकच असला तर पूर्ण वाचतो. चार असले तर पहिला वाचतो आणि बाकीचे वाचले असं समजतो. मी शोधतो एवढंच, की ह्या माणसानं आजवर केलं काय आणि ते माझ्या कामाचं आहे का. मागच्या साली एकानं लिहिलं होतं, ‘मेहनती व प्रामाणिक’. एका बाईनं लिहिलं होतं, ‘चाळीस बायकांकडून मालाची प्रतवारी करून घेतली, परत येणारा माल निम्म्यावर आणला.’ ह्यातलं कुणाला बोलावलं असेल? त्या बाईचं नाव शिवबाई. आज तिच्या परवानगीशिवाय मी स्वतः क्रेटला हात लावत नाही.

तुझ्या कागदावर बी.कॉम., मग लग्न, मग एकदम ‘गृहिणी’. मधली शिवणकामाची पंधरा वर्षं कोरी. वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई लग्न करून जी झोपली ती आत्ता उठली. आणि मी तर एका जूनमध्ये तुझ्याकडे आलो होतो. गळ्यात टेप, खांद्यात फोन, पायाशी गठ्ठे, आणि मला पाणी द्यायलाही तू उठली नव्हतीस. मी रागावून गेलो होतो, तुला कळलंही नाही. ते काय चाललं होतं?

म्हणून हा कागद बाजूला ठेव. कोरा घे आणि जूनमधला तुझा एक दिवस जसाच्या तसा लिहून पाठव. नटवू नकोस. नटवायचं आपण मग बघू.

तुझ्या सासूबाईंना, बजाबाईंना, रामराम, जावईबापू दिग्विजयरावांना आशीर्वाद, आरोहीला पापा. यंदा बागेचा बहार बरा धरलाय. जीव लावून लिही.

तुझा मामा,
मानसिंग


भवानी पेठ, सोलापूर
१४ मे २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आरोहीनं मोठ्यानं वाचलं आणि ‘रंग निमगोरा’ला ती इतकी हसली, की सासूबाई काय झालं म्हणून वर आल्या. मी विषय बदलला. त्यांच्या कानावर अजून घातलेलं नाही.

तुम्ही जूनचा दिवस मागितलात. जूनचा दिवस खरा मार्चमध्ये सुरू होतो. मापं मार्चमध्ये घ्यायची आणि कपडे जूनमध्ये द्यायचे, तोवर पोरं वाढतात. म्हणून वाढ धरूनच कापायचं. आठवी-नववीच्या मुलांना जास्त धरायची, नाहीतर जुलैत पँट घोट्याच्या वर जाते आणि आया भांडायला येतात. सकाळी आम्ही कापड फाडायला लावतो, मग शिवणाऱ्या बायका येतात, कुणाला कॉलर, कुणाला खिसे, ज्याचं त्याला वाटून द्यायचं. एखादी आली नाही तर तिचं काम दुसऱ्या दोघींत जिरवायचं, पण तिला कळेल अशा बेतानं, म्हणजे उद्या ती येते. दुपारी शाळांचे फोन. संध्याकाळी गठ्ठे बांधायचे, वर्गवार.

दुधनीच्या शाळेचं एक वर्ष मात्र कायम लक्षात राहील. त्यांचं मरून रंगाचं कापड दोन खेपांत आलं आणि दुसऱ्या खेपेचा रंग फिका. कापडवाला परत घेईना, शाळा आठवड्यावर आली. सगळे डोक्याला हात लावून बसले. मग आम्ही एक खेप सगळी प्राथमिकला दिली आणि दुसरी हायस्कूलला. दोन्हींची प्रार्थना वेगळ्या वेळी असते, त्यामुळे दोन रंग एका रांगेत कधी उभेच राहिले नाहीत. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणखी एक गंमत सांगते. गिऱ्हाइकाला तारीख किंवा भाव मी कधी लगेच सांगत नसे. पहिल्याच वर्षी सासूबाईंनी शिकवलं होतं, की बाईनं परस्पर शब्द दिला तर समोरच्याला तो कच्चा वाटतो आणि घरातल्या पुरुषाचा मान जातो. म्हणून मी म्हणायचे, भावजींना विचारून सांगते. फोन ठेवायचा, कपाटाला टेकून मनात सगळं जुळवायचं, पाणी प्यायचं आणि पुन्हा फोन लावून सांगायचं, की भावजी हो म्हणाले. भावजी तेव्हा बहुतेक वेळा गावातच नसायचे. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं गोडीत चाललं.

ह्या सगळ्यावरून नवा रेझ्युमे केलाय. ह्या खेपेला गणपती वगळलाय, त्याची मनातल्या मनात क्षमा मागितली. बघा बरं जमलाय का. माया आहेच, थोडी कौतुकाचीही सवय करा.

आपली,
वैजयंती


सांगोला
१८ मे २०२५

चि. सौ. वैजयंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कौतुक नंतर. तुझा कागद लाल पेनानं रंगवून सोबत परत पाठवतोय. ‘आमच्याकडे मापं घेतली जात’, ‘आम्ही मार्ग काढला’, ‘घरच्या व्यवसायात सहभाग’. हे आम्ही म्हणजे कोण? कंपनीनं खुर्ची आम्हीला द्यायची की तुला? दिवस लिहिलास तो वाचताना मी चहा विसरलो, आणि रेझ्युमेत आलीस की पदराआड! दुधनीचं डोकं कुणाचं होतं? सगळे डोक्याला हात लावून बसले होते, असं तूच लिहितेस. मग उरलं कोण?

पदाच्या जागी लिही ‘व्यवस्थापक’. खाली एकेका ओळीत काम. ‘अकरा शाळांच्या ऑर्डरी मापापासून पोचवण्यापर्यंत सांभाळल्या.’ ‘शिवणाऱ्या बायकांना कामाची वाटणी करून दिली, हंगामात एकही तारीख चुकवली नाही.’ दुधनीची हकिकत दोन ओळींत घाल, ती वाचून कुणीही थांबेल. जिथं अर्ज करतेस तिथं ऑर्डरीचं काम आहे, म्हणून ऑर्डरी वर, बी.कॉम. खाली. संगणकावर बिलं करत होतीस, तेही लिही. रांगोळी काढायची असेल तर दारात काढ. सगळं एका पानात.

तुझ्या त्या गंमतीवर मामी हसली, मला काही हसू आलं नाही. अगं, तू स्वतःला इतकं नीट झाकलंस, की आता तुला शोधायचं कुणी? शेवटी दोन नावं लागतात, तुझं काम पाहिलेल्यांची. मामा-मावशी चालत नाहीत. ज्यांना तू पंधरा वर्षं ‘भावजी हो म्हणाले’ सांगितलंस, ते कंपनीला काय सांगणार? भावजी फार हुशार होते म्हणून! आधी अभिमन्यूलाच विचार. मालक तो होता, त्याच्या शब्दाला वजन आहे. आणि खरं तर त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

रागावलो असं समजू नकोस. रागावलो आहेच, पण तुझ्यासाठी.

तुझा,
मानसिंगमामा


भवानी पेठ, सोलापूर
२३ मे २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सगळं विस्कटलं. तुम्ही सांगितलंत तसा मी कागद केला. खरं सांगते, छापून हातात आला तेव्हा माझा मलाच विश्वास बसेना, की हे सगळं मी केलंय. दोनदा वाचला. आरोहीनं तर देवापुढे ठेवला.

परवा भावजी एका लग्नासाठी आले होते. चहा देताना मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि तुमचं नाव साक्षीला घालते म्हणाले. ‘व्यवस्थापक’ वाचून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, की वहिनी, तुम्ही व्यवस्थापक, मग मी काय इतकी वर्षं माश्या मारत होतो? पुण्यात लोकांना मी सांगतो, की सोलापुरात माझं युनिट होतं. उद्या हा कागद दोन बाजारांत फिरला तर लोक तोंडावर हसतील. मी म्हणाले, की तुमचं भांडवल होतं, वसुली तुमची होती, ते मी कुठे नाकारलंय. पण ते न जेवताच लग्नाला गेले.

आरोहीचे बाबा म्हणाले, की तू खोटं लिहिलेलं नाहीस. पण हे म्हणाले ते भाऊ गेल्यावर. सासूबाईंनी कागद उचलला, चष्मा लावला आणि सावकाश सगळा वाचला. मग एवढंच म्हणाल्या, की पाटीवर कुणाचं नाव हाय ते साऱ्या सोलापूरला ठाव हाय. कागद घडी घालून त्यांनी परत दिला. मला फार लागलं, मामा. त्यांच्या शेजारी बसून मी काज-बटणं केली आहेत.

दुधनीच्या शाळेचे हेडमास्तर कल्लप्पा सर आपले चांगले. साक्षीला तुमचं नाव घालू का, म्हणून त्यांना फोन केला. ते आनंदानं म्हणाले, की हौदु, हो हो, अगदी घाला की, अभिमन्यूंचं काम एक नंबर होतं म्हणून सांगतो. मी बरं म्हणून फोन ठेवला.

आता मनात येतं, ‘व्यवस्थापक’ खोडून ‘साहाय्यक’ लिहावं. कुणी दुखावणार नाही, घर एक राहील, आणि कदाचित कंपनीला तेवढंही पुरेल. तुम्ही हो म्हटलंत तर तसाच देऊन टाकते. फार शीण आलाय.

आपली,
वैजयंती


सांगोला
२६ मे २०२५

चि. सौ. वैजयंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

साहाय्यक लिहायचं नाही. हे पत्र थोडक्यात आहे, कारण पोस्ट निघायला आलंय.

त्यांना सुपरवायझर पाहिजे. साहाय्यक म्हणून लिहिलंस तर तो कागद क्रेटवरून थेट खाली जाईल, वाचणारा माझ्यासारखाच असणार. आणि न केलेलं लिहिणं जसं खोटं, तसं केलेलं दाबणं हेही खोटंच. पहिलं केलंस तर कंपनी फसते, दुसऱ्यात तू. अभिमन्यू वाईट मुलगा नाही, त्याला फक्त धक्का बसलाय. तो ओसरेल, पण अर्जाची तारीख थांबणार नाही.

कल्लप्पा सरांना पुन्हा फोन लाव आणि सगळं सांग, की भाव आणि तारखा मीच ठरवत होते. लाजू नकोस. ते फार तर हसतील. हसण्यानं आजवर कुणी मेलेलं नाही, मामी रोज हसते मला.

तुला मी लहानपणी शेळ्यांच्या मागे पळताना पाहिलंय, एकही कधी सुटली नाही तुझ्या हातून. त्या पोरीला आज शीण येतो, हे मला पटत नाही. पाठव कागद.

पाठीशी आहे, आधी होतो तसाच.
मामा


भवानी पेठ, सोलापूर
१७ जून २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला म्हणून रागावू नका. सांगायला खूप आहे, कुठून सुरू करू?

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी दुधनीला फोन लावला. डोळे मिटून एका दमात सगळं सांगितलं. कल्लप्पा सर इतके हसले, की त्यांना ठसका लागला. म्हणाले, की ताई, हे आम्हाला सांगता? मरून कापडाच्या वर्षी तुम्ही म्हणालात, की भावजींना विचारून सांगते. थोड्या वेळानं तुमचा फोन आला, की विचारलं, भावजी हो म्हणाले. तेव्हा अभिमन्यू माझ्यासमोर खुर्चीत बसून चहा पीत होते! त्यांचा फोन टेबलावर होता आणि तो काही वाजलाच नव्हता. त्यांना कळायच्या आत मी विषय बदलला. त्या दिवसापासून सगळी शाळा ऑर्डर तुमच्या नावानं देत होती, फक्त बिलावर नाव त्यांचं. परवा तुम्ही फोन केलात तेव्हा मला वाटलं, तुम्हाला अजूनही तसंच बोलायला हवंय, म्हणून मी अभिमन्यूंचं कौतुक केलं.

मामा, मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून हसत बसले. मला वाटत होतं मी झाकलेली आहे, आणि दुधनीच्या मास्तरांना सगळं लख्ख दिसत होतं!

कागद ‘व्यवस्थापक’ लिहूनच दिला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बोलावणं आलं. मॅडम साधारण माझ्याच वयाच्या, समोर माझाच कागद, त्यावर दुधनीच्या ओळीला पेन्सिलीनं खूण. पहिला प्रश्न तोच. मी सांगत गेले आणि त्या मध्ये मध्ये विचारत गेल्या, की फिका रंग धुऊन आणखी उतरला तर काय केलं असतं, बायका रुसल्या तर काय करता. मला वाटलं होतं परीक्षा असेल. त्या आमच्या कामाच्या गप्पाच झाल्या. निघताना त्यांनी विचारलं, की निवड झाली तर हंगामात रविवारी यावं लागेल, घरी विचारून कळवाल का? मी म्हणाले, की येईन. एवढंच. बाहेर येऊन पायऱ्या उतरताना मला कळलं, की मी काय बोलले ते.

पण एक अडलंय, आणि म्हणून हे पत्र. कल्लप्पा सरांशी मॅडमचं बोलणं झालंय. आता नियमाप्रमाणे आधीच्या मालकाशी बोलायचं आहे. मॅडमनी आमच्या जुन्या बिलावरचा नंबर उतरवून घेतला. तो मोबाइल भावजींनी पुण्याला जाताना इथेच ठेवला, आता तो सासूबाईंच्या उशाशी असतो, कीर्तनं ऐकायला. मी भावजींचा पुण्याचा नंबरही दिला. म्हणजे फोन एकतर भावजींना जाणार, जे माझ्याशी बोलत नाहीत, नाहीतर सासूबाईंना, ज्यांनी पाटीचं नाव काढलं होतं. दोघांपैकी कुणालाही मी काही सांगायचं नाही, पढवायचं नाही, असं ठरवलंय. मी केलंय ते कागदावर आहे. आता ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

आशीर्वाद पाठवा, पोस्टाची वाट न बघता तिथूनच पाठवा.

आपली,
वैजयंती


भवानी पेठ, सोलापूर
१ जुलै २०२५

मानसिंगराव पाव्हण्यास्नी बजाबाईचा रामराम.

(मामाआजोबा, आजी सांगते तसंच लिहितेय. एक शब्द बदलायचा नाही अशी दमदाटी आहे. आरोही.)

तुमास्नी सूनबाईनं फोन करून मामीकडं निरोप दिला आसंल, पर समदं तिला बी ठाव न्हाय. म्हनून म्या सांगते.

त्या कंपनीच्या बाईचा फोन मलाच आला. म्या कीर्तन आयकत हुते. ती म्हनाली, अभिमन्यू हायती का? म्या म्हनलं, त्यो पुण्याला हाय, मी त्येची आय. मग ती इचारती, वैजयंती तितं मदतीला हुत्या का? म्या म्हनलं, मदतीला मी हुते बाई, काज-बटनं करायला. चालवत ती हुती. पाटीवर माज्या ल्योकाचं नाव हाय, त्ये खोटं न्हाय. पैका त्येनं घातला, वसुलीला त्यो हिंडला. पर कुटल्या पोराचं माप किती, कोन बाई रुसली, कुटलं कापड कवा यायचं, त्ये समदं हिच्या डोस्क्यात. ही दोन दीस म्हायेरला गेली की आमची शाळा सुटायची.

त्या बाईनं आनि इचारलं, त्येंच्यात काय खोड हाय का? म्या म्हनलं, हाय की. काम संपल्याबिगर जेवाय उठत न्हाय. आन् भाजीत मीठ कमी घालती. ती बाई लई हसली.

पाव्हणं, तुमी म्हनाल, म्हातारीनं पयल्यांदा पाटीचं नाव काढलं, मंग आता कसं काय? तिला परस्पर बोलू नगं म्हनून म्याच शिकिवलं हुतं. माज्या सासूनं मला शिकिवलं, म्या तिला. म्या गिरणीला रीलिंग खात्यात सूत गुंडाळाय जायची, तवा हजेरीच्या मस्टरवर माजं नाव हुतं, बजाबाई म्हनून हाक मारायचे. गिरणी बंद पडली आन् म्या नुसती अभिमन्यूची आय झाले. त्यो कागद वाचला त्या दिशी म्या पाटीचं बोलले, पर राती मला झोप न्हाय आली. वाटलं, हिचं नाव मी जित्ती आसताना तरी निघावं.

फोन ठिवला आन् पयला अभिमन्यूला लावला, म्हंजे त्येला दुसऱ्याकडनं कळाय नगं. म्हनलं, म्या आसं आसं बोलले, तुजं काय कमी झालं न्हाय, पर तुज्याकडं फोन आला तर खरं बोल. त्यो म्हनला, व्हय आई. आन् त्येनं आपनहून त्या बाईला फोन केला. काय बोलला ते त्येचं त्येला ठाव, पर सांच्याला वैनीला फोन करून म्हनला, की माज्या एजन्सीच्या ऑर्डरी आता तुमच्या कंपनीकडंच येतील, जरा सांभाळून घ्या. ही रडली. मी म्हनलं, रडू नगं, भाजी करपंल.

तर पाव्हणं, तिची निवड झाली आन् आज सकाळी ती गेली कामावर. दिग्विजयनं स्वतःच्या हातानं डबा भरला, पोळ्या माज्या. नवी साडी न्हाय, जुनीच निळी, पर चालीत फरक हुता. गल्लीच्या तोंडापातूर म्या सोबत गेले. कोपऱ्यावर चार बाया हुत्या, इचाराय लागल्या, की एवढ्या सकाळी सूनबाई कुटं, आन् अभिमन्यूचं युनिट बंद पडलं म्हनं?

म्या म्हनलं, व्हय, अभिमन्यूचं बंद पडलं. वैजयंतीचं आजपासनं चालू झालं.

तुमी लिवून लिवून तिला हितवर आनली, त्येचं उपकार फिटायचं न्हाईत. डाळिंबं निघाली की घिऊन या. पानी द्याय ती नसंल घरात, म्या दीन.

बजाबाई